तिसऱ्या मजल्यावरची फेक

चकती अजून तिथेच होती. बाल्कनीच्या कोपऱ्यात, पाच वर्षांच्या धुळीखाली, कबुतरांनी आणलेल्या काड्यांनी भरलेली. पंच सुधीरराव गुडघ्यांवर बसले. त्यांनी ती रुमालाने पुसली, मागचा क्रमांक वाचला आणि म्हणाले, "हीच."

सुभाषने कॅमेरा खांद्यावर घेतला, पण सुरू केला नाही. कॅसेटवर अकरा मिनिटं उरली होती. ती त्याने पाच वर्षं राखून ठेवली होती.

डिस्क गोल्फची ही स्पर्धा १९८३च्या डिसेंबरात वाशीच्या टोकाला, सानपाड्याच्या शिवेवर सुरू झाली. बोटीवरच्या एका इंजिनिअरने अमेरिकेहून चकत्या, साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपल्या आणि नियमांचं पुस्तक आणलं होतं. लांबून चकती टोपलीत टाकायची. जिथे पडेल तिथूनच पुढची फेक करायची. बक्षीस प्रेशर कुकरचं होतं, म्हणून स्पर्धा व्यावसायिक ठरली. लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करणारा सुभाष खेळाडूंच्या मागे धावत ती टिपत होता. अमेरिकेतल्या संघटनेने त्याला कळवलं होतं, स्पर्धा पूर्ण झाली की फिल्म पाठवा, आम्ही सभासदांना दाखवू.

शेवटच्या टोपलीपाशी दोघे बरोबरीत आले. बँकेतला कारकून बंडू आणि इथलाच नामदेव. नामदेवची चकती टोपलीपासून सहा पावलांवर पडली. बंडूची वाऱ्याने उचलली आणि नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, एका बाल्कनीत नेऊन टाकली. फ्लॅटला सील होतं. सोडत निघायची होती. किल्ली फक्त मालकाला मिळणार होती आणि मालक अजून ठरला नव्हता.

सुधीररावांनी पुस्तक उघडलं. चकती थांबली तिथूनच खेळायचं. लांब असेल त्याने आधी. बरोबरी असेल तर जो आधी आत टाकेल तो जिंकला. तोवर दुसऱ्याने आपली जागा सोडायची नाही. मुदतीबद्दल पुस्तकात काही नव्हतं.

बंडूने फ्लॅटसाठी अर्ज केला.

इमारतीला पाणी येईना, म्हणून सोडत साडेतीन वर्षं लांबली. मधल्या काळात बंडूचं वैजयंतीशी लग्न झालं. सुभाषने शूटिंग केलं, पण दुसऱ्या कॅसेटवर. सोडतीत नंबर लागला तो तळमजल्याचा. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी आनंदाने बदलून दिला. लिफ्ट नव्हती. कागदपत्रांना आणखी वर्ष गेलं.

नामदेव जागेवर होता. आधी गोणपाट टाकून, मग छत्री लावून, मग चार बांबूंवर ताडपत्री बांधून. नुसतं काय बसायचं, म्हणून त्याने भाजी मांडली. सुधीररावांनी त्याच्याभोवती चुन्याचं वर्तुळ आखलं आणि गोल शिक्क्याचा कागद दिला. 'स्पर्धा चालू आहे. खेळाडूस जागेवरून हलवू नये.' अतिक्रमणाची गाडी महिन्याला एकदा येई. साहेब कागद वाचत, शिक्का निरखत आणि शेजारच्या हातगाडीवाल्याचा तराजू उचलून निघून जात. दर दिवाळीला नामदेव चुना नव्याने मारी, तेव्हा वर्तुळ वीतभर वाढे. सुधीरराव टेपने मोजत आणि काही बोलत नसत.

आज बंडूला ताबा मिळाला होता. वैजयंतीने खिडकीत गणपतीची तसबीर ठेवून उदबत्ती लावली होती. कपड्यांची दोरी हातात घेऊन ती दारात उभी राहिली.

"एकदाची फेका आणि मला दोरी बांधू द्या," ती म्हणाली. "कुकर मिळाला तर बरंच. माहेरचा शिट्टी देत नाही."

बंडू कठड्याशी आला. खाली टोपली स्पष्ट दिसत होती. मुंबईतल्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून तो पाच वर्षं खालच्या पिंपात चकत्या टाकत होता. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव आत जात. ही आत गेली तर तो जिंकणार, हुकली तर नामदेव. काही झालं तरी दोन फेकींत खेळ संपणार होता.

नामदेव वांगी टोपल्यात भरत होता. मग त्याने ताडपत्रीच्या गाठी सोडायला घेतल्या.

"नामदेवभाऊ, आत्तापासून आवरायला घेतलंस?" बंडूने वरून विचारलं.

"खेल संपला का कागद संपला. गाडी उद्याच यायची हाय."

"मग बसणार कुठे?"

"बगू." नामदेवने ताडपत्रीची घडी घातली. "हितंच आमचं भाताचं खाचर व्हतं, बंडूशेठ. टोपली हाय ना, तिथं बांध. तू टाक. आमाला उठायची सवय हाय."

सुधीररावांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. सुभाषने बटण दाबलं. बंडूने हात मागे नेला, डोळे मिटले, उघडले. कॅमेऱ्यातून सुभाषला दिसलं, त्याचा पुढचा पाय टोपलीकडून दुसरीकडे वळला.

चकती सुटली. जराही न डगमगता ती टोपलीवरून, नामदेवच्या डोक्यावरून, रस्ता ओलांडून गेली आणि समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, एका बाल्कनीत जाऊन खणकन पडली. ती इमारत यंदाच पुरी झाली होती. सगळ्या दारांना सील होतं. पाणी यायचं होतं.

"वारा," बंडू म्हणाला.

सुभाषने उदबत्तीकडे पाहिलं. धूर सरळ वर जात होता. त्याने कॅमेरा बंद केला, कॅसेट काढली आणि लेबलवर पेन्सिलने लिहिलेलं 'अपूर्ण' पेनने गिरवलं.

सुधीररावांनी पुस्तक उघडलंच नाही. पिशवीतून शिक्का आणि शाईची डबी काढली.

"खेळ चालू आहे," ते खाली ओरडले.

खाली नामदेव ताडपत्री हातात धरून बराच वेळ उभा होता. मग त्याने घडी उलगडली.

वैजयंती दोरी घेऊन कठड्याशी आली आणि समोरची इमारत वरपासून खालपर्यंत पाहत राहिली.

"तिथे दोन-दोन बाल्कन्या दिसतायत," ती म्हणाली. "अर्ज कधी सुटतात ते विचारून ठेवा."