पितळेचा तीन

तुम्ही तिला खोटारडी म्हणालात, साहेब. तेही मान वर न करता.

सत्तावीस वर्षं ती भट्टीसमोर उभी होती. पितळ वितळवायची, साच्यात ओतायची. त्या धगीत बघून बघून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. भट्टी कामगारांच्या डोळ्यांचं ऑपरेशन कामगार इस्पितळात होतं, पण त्याला तुमच्या खिडकीवरचा दाखला लागतो. तुम्ही कारखान्याचं जुनं रजिस्टर उघडलंत. तिच्या नावापुढे ‘झाडलोट’ लिहिलेलं होतं. बाईला भट्टीवर उभं करायची परवानगी नव्हती, म्हणून मालकाने तसं लिहून ठेवलं होतं. हे तिने तुम्हाला सांगितलं.

“भट्टीवर बायका नसतात,” तुम्ही म्हणालात. “पुरावा आणा.”

कारखान्याच्या जागी आता गाड्या उभ्या राहतात. पुरावा कुठून आणणार? ती भिंत चाचपत निघाली. बोटांना स्क्रूची दोन रिकामी भोकं लागली. खिडकीच्या नंबराचा आकडा कधीच पडून गेला होता. तीन नंबर हीच ना, असं एकमेकांना विचारून लोक रांग लावत होते.

दुसऱ्या दिवशी सून कामावरून आली. मायक्रोवेव्हची फिरती ताटली ओट्यावर होती आणि आत एक पांढरी वीट.

“आई! त्यात मी दूध तापवते!”

“मग मी काय उतू घालवलंय? खिडकी उघड आणि लांब हो.”

वीट भट्टीच्या अस्तरातली होती, आतून कोरलेली. तिच्या पोकळीत धार लावायच्या काळ्या दगडाची वाटी, वाटीत जुन्या दाराची कडी. नुसता धातू ठेवला तर ठिणग्या उडतात. काळा दगड तापतो आणि तो धातूला तापवतो. एवढं तिने नातीकडून फोनवर वाचून घेतलं होतं. बाकीचं तिला येत होतं.

पितळेचा रंग तिला दिसत नव्हता. तिने दार उघडलं, गाल जरा पुढे केला, दार लावलं. पुन्हा उघडलं.

“झालं.”

बिस्किटाच्या डब्यात दाबलेली ओलसर वाळू होती. तिच्यात नातीच्या खेळण्यातल्या लाकडी तीनचा ठसा. चिमट्याने वाटी उचलून तिने पितळ ओतलं. थेंब सांडला नाही. सुनेचे डोळे शाबूत होते. तिच्या हातून भाजीची पिशवी पडली.

मायक्रोवेव्ह मात्र कायमचा गेला.

तो आकडा घेऊन ती तुमच्याकडे आली. त्यातली दोन्ही भोकं भिंतीतल्या भोकांवर बरोबर बसत होती. तुम्ही पहिल्यांदाच मान वर केलीत.

“कुठे बनवला?”

“घरी. मायक्रोवेव्हमध्ये.”

“पत्ता सांगा. चौकशी करतो.”

तिने पत्ता सांगितला. अभिमानाने सांगितला. आकडा तुम्ही ठेवून घेतलात आणि त्याच दुपारी खिडकीवर ठोकून घेतलात. दोन माणसं घरी आली, वीट बघितली, वाळू बघितली, लिहून घेऊन गेली. ती इस्पितळात न्यायची पिशवी भरून बसली.

आठव्या दिवशी नोटीस आली. सुनेने वाचली.

“राहत्या घरात विनापरवाना भट्टी चालवल्याबद्दल. चौकशीत असे आढळले की, सदर महिला धातू वितळवण्याच्या व ओतण्याच्या कामात निष्णात असून तिला या कामाचा दीर्घ अनुभव आहे. तरी समक्ष येऊन खुलासा करावा.” सुनेने कपाळावर हात मारला. “हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आई.”

“परत वाच. ‘चौकशीत’पासून.”

सुनेने परत वाचलं.

“खाली सही कोणाची?”

“तीन नंबरच्या साहेबांची.”

तिने चपला मागितल्या.

आता ती तुमच्या खिडकीत उभी आहे. एक हात पितळेच्या आकड्यावर आहे. दुसऱ्या हाताने तिने जुना अर्ज ठेवला आणि त्यावर तुमची नोटीस.

“खुलासा द्यायला आलेय, साहेब. गुन्हा कबूल आहे. भट्टीवर बायका नसतात, तर ही नोटीस कोणाला? आणि नोटीस खरी असेल, तर माझं ऑपरेशन कधी?”

रांग थांबली आहे. बोला की, साहेब.