नाळ पाण्याकडे

शुक्रवारी मारुतीची होडी पहिल्यांदाच नीट धक्क्याला लागली आणि मारुतीचा चेहरा पडला.

होडी कॉम्प्युटरच्या पडद्यावरची होती. कल्याणच्या क्लासमध्ये प्रत्येकाने आपला एक गेम तयार करायचा होता. मारुती कोपरच्या खाडीकाठचा, कोळ्याचा तरणा मुलगा. त्याने होडी घेतली. धक्क्यापाशी ती जागेवर यायची, पण अंशाचा आकडा चुकायचा आणि तोंड भलतीकडेच व्हायचं. खरी होडी झोपेतसुद्धा वळवली असती पठ्ठ्याने!

चुकलं की शीला मॅडम खुर्ची ओढून शेजारी बसायच्या. तेवढ्यासाठी मारुतीला चुकणं आवडू लागलं होतं. खरं सांगायचं तर मॅडमच आवडू लागल्या होत्या.

"नाळ पाण्याकडेच का हवी?" त्यांनी एकदा विचारलं होतं.

"नाळ म्हंजे होडीचं पुढचं टोक. पाण्याकडं असलं की निघायला बरं पडतं."

"आणि जमिनीकडे असलं तर?"

"मग ती राहायलाच आली म्हणायची, मॅडम."

मॅडम हसल्या होत्या. ते हसू मारुती घरी घेऊन गेला होता.

क्लासचा नियम साधा होता. शनिवारी सरांसमोर गेम बरोबर चालला की कोर्स संपला; चुकला तर आणखी एक आठवडा.

"जमलं की तुम्हाला!" त्या शुक्रवारी होडी नीट लागलेली पाहून मॅडम म्हणाल्या आणि स्वच्छ हात उगाचच रुमालाला पुसत राहिल्या. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला, त्या उठून गेल्या. मारुतीने इकडेतिकडे पाहिलं. प्रोग्रॅमच्या शेवटी, वळायच्या आकड्यात एकशे ऐंशी मिळवले. अर्धी गिरकी. नाळ जमिनीकडे. चालवून बघायला मात्र वेळ मिळाला नाही.

शनिवारी मॅडमनी अबोली माळली होती. मारुतीच्या शेजारची खुर्ची आधीच मांडलेली होती. सर मागे उभे राहिले.

"चालवा," मॅडम म्हणाल्या.

होडी खडक चुकवत आली, धक्क्यापाशी थांबली, वळली. नाळ बरोब्बर पाण्याकडे.

"शाबास! संपला तुमचा कोर्स," सर पाठीवर थाप मारून निघून गेले.

मारुती पडद्याकडे बघतच राहिला. मॅडमही. दोघांपैकी एकालाही आनंद झालेला दिसत नव्हता.

"काल मी गेल्यावर कशाला हात लावलात का?" मॅडमनी हळूच विचारलं.

आता लपवून काय उपयोग, असं मारुतीला वाटलं. त्याने मान खाली घातली.

"एकशे ऐंशी मिळवले, मॅडम. शेवटी. म्हटलं, आणखी एक आठवडा..."

मॅडम कानापर्यंत लाल झाल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही घरी गेल्यावर त्याच आकड्यात तेवढेच मी प्रोग्रॅमच्या सुरुवातीला मिळवले होते."