डावा कान

तारकर्लीत पर्यटकांना समुद्राखाली नेणाऱ्या रॉयस्टनचा डावा कान सहा महिन्यांपूर्वी पाण्यातच बहिरा झाला. कॉम्प्युटरवर गाणी ऐकायला बरे हेडफोन हवेत म्हणून तो यज्ञेशच्या दुकानात आला. दोन लावून पाहिले. उजवीकडे गाणं, डावीकडे शुकशुकाट.

तिसरा, सगळ्यात महागडा, कानांवर बसला आणि त्याचे डोळे भरून आले.

"यज्ञेश, डावो कान उघडलो रे. माका आयकाक येता."

"काय आयकाक येता?" वायरचं टोक यज्ञेशच्या हातातच होतं. "मी अजून गाणा लावूक नाय."

डाव्या कानात टण, टण, टण. बुडी मारताना पाठीवर असते तसल्या हवेच्या टाकीवर कुणीतरी टोले देत होतं. पाण्याखाली सोबत्याला हाक मारायची ती खूण. तिचा अर्थ एकच: मागे बघ.

सहा महिन्यांचं ओझं उतरलेला रॉयस्टन हसतच मागे वळला.