घरचे पापड

उरला औद्योगिक वसाहतीतल्या कोळशावर चालणाऱ्या कारखान्यांमागे सत्यभामाबाईंचं घर आहे. त्यांच्या लेकीने, मोनालीने, हौसेने छतावर सोलर पॅनल बसवून दिले. ती स्वतः दिल्लीत, देश कोळसा वापरणं कोणत्या वर्षी थांबवेल याचे आराखडे करणाऱ्या ऑफिसात.

एप्रिलातल्या एका दुपारी तिने मोबाइलवर पाहिलं, तर भर उन्हात वीज निम्मीच बनत होती. तिने लगेच फोन लावला.

“आई, पॅनलवर पापड वाळत घातले काय?”

फोन कानाशी धरून सत्यभामाबाई छतावर गेल्या. सकाळीच पुसलेल्या पॅनलवर त्यांनी बोट फिरवलं. बोट काळं झालं.


“पापड घालणं तर तीन वर्षांपासून सोडलं, बेटा. इथं काळे पडतात. तुले पाठवते ते विकतचे असतात.”