चर्चमधलं कीर्तन

ख्रिस्ती उपासनेवर विलायतेत प्रबंध लिहून प्राध्यापक दिनानाथराव रत्नागिरीला परतले. आपल्या माणसांनी साहेबी चालीत किती दिवस कोंडून राहायचं, असं म्हणत एका रविवारी त्यांनी चर्चमधली बाकं हलवली, सतरंज्या घातल्या आणि देवळात कीर्तन करणाऱ्या आपल्या हिंदू वडिलांसारखेच टाळ-मृदंगाच्या साथीने येशूच्या कीर्तनाला उभे राहिले.

टाळ वाजले तशी पुढे बसलेली म्हातारी ठमाबाई उठून मुकाट अंगणात जाऊन बसली. तिच्यामागून तिच्या वाडीतली सगळीच उठली.

दिनानाथराव धावत बाहेर आले. "ठमाबाई, कीर्तन आवडलं नाही?"

 

"आवडला तर, सायब. पन टाळ वाजले का आमचे पाय आपसूक भायेर येतात. तुमच्या वडलांचा कीर्तन जल्मभर देवळाभायेर बसूनच ऐकलाव ना."