हलकी वीट

म्हाळूची पहार भिंतीवर आदळली आणि त्याच्या हाताला झिणझिण्या आणून मागं आली. भिंतीवर नुसता ओरखडा उठला.

“फोड बे!” सुंदरराव देशमुख ओरडले. “आत चुना निघंल. माझ्या कोठाराच्या कामावरचा चोरलाय हिनं.”

भिवराबाई आपल्या खोलीच्या दारातून हलली नाही.

निजामाच्या राज्यात पाली गावात देशमुखांचा शब्द म्हणजे हुकूम. त्यांचं धान्याचं नवं कोठार गावच्या बायांनी वेठीवर, फुकट राबून उभं केलं होतं. साच्यात ओलसर माती भरायची, जड लाकडी धुमसानं ठोकायची, वीट उन्हात वाळवायची. देखरेखीला म्हाळू. सुट्टी झाली की त्याच बाया, त्याच साच्यात, विधवा भिवराबाईच्या खोलीसाठी विटा पाडत. मग पावसाची झड लागली. कोठाराच्या भिंती विरघळून बसल्या, ज्वारी चिखलात गेली. भिवराबाईची खोली कोरडी राहिली.

अखेर कोपऱ्यातली एक वीट सुटली. दुसरी म्हाळूनं जागेवरच फोडली. आत माती. नुसती माती.

“चुना न्हाई, मालक.”

कोठाराच्या ढिगाऱ्यातली एक धड वीट देशमुखांनी ताडून बघायला आणवली होती. भिवराबाईनं ती त्यांच्या एका हातावर ठेवली, आपली दुसऱ्या हातावर. तिच्या विटेनं हात खाली गेला. कोठाराची वीट बोटांच्या दाबानंच ढासळली.

“माती तीच, साचा त्योच,” देशमुख म्हणाले. “मग माझीच वीट हलकी कावून?”

“तुमच्या विटंवर आमी धुमस नुसतं टेकवायचो. वेठीला हात येत्यात, मालक. जोर येत न्हाई.”

सगळं गाव बघायला जमलं होतं. देशमुखांच्या कपाळाची शीर ताठली.

“आमी म्हंजे कोण? नावं सांग!”

भिवराबाईनं तोंड उघडायच्या आधी बायडाबाई पुढं आली. मग छबुबाई. मग एकेक करून विटा पाडणाऱ्या सगळ्याच. कुणी पदर सावरला नाही, कुणी मान खाली घातली नाही.

देशमुख म्हाळूवर गरजले, “आन् तू? तुला राखणीला ठिवला व्हता. तुला दिसलं न्हाई?”

म्हाळूनं पहार खाली ठेवली. चार पावलं चालून तो बायांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

“दिसत व्हतं, मालक. हळू टेकवा, असं मीच सांगितलं.”