कायम झाल्याचा मेल

एलियामामांनी पेढ्यांचा बॉक्स पुढे धरला, तेव्हा गौतमीच्या हातात फसलेल्यांची यादी होती. यादीत चारच नावं होती आणि पहिलं मामांचं होतं. एलिया साळवे, डिस्पॅच, कंत्राटी.

"घे पोरी, दोन घे. पयला तुलाच देतोय. परमनंट झालो."

सणसवाडीच्या त्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनत आणि तिथले कॉम्प्युटर सांभाळायचं काम गौतमीकडे होतं. परदेशी गिऱ्हाइकाने अट घातली होती, तुमची माणसं खोट्या मेलला फसत नाहीत हे तपासून दाखवा, नाहीतर ऑर्डर विसरा. आता माणूस फसतो की नाही हे बघायचं, तर आधी त्याला फसवायला हवं. साहेब म्हणाले, लॉटरी-बिटरीचं नको, ते हल्ली शेंबडं पोरही ओळखतं. आपल्या माणसांना उघडावंसं वाटेल असं काहीतरी लिही. गौतमीला फार डोकं खाजवावं लागलं नाही. तिचे वडील कंत्राटातच म्हातारे झाले होते. कोणत्या पत्राची घरात वर्षानुवर्षं वाट बघतात, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

शनिवारी दुपारी तिने ते लिहिलं आणि कॉम्प्युटरवर बसणाऱ्या बावीस कंत्राटी माणसांना पाठवलं. आपल्याला सेवेत कायम करण्यात येत आहे, खाली पासवर्ड टाकून मान्यता द्या. पासवर्ड टाकला, की 'पत्र लवकरच हाती मिळेल' एवढंच दिसायचं. खरं काय ते सोमवारी सांगायचं ठरलं होतं, कारण एकाला कळलं असतं तर तासाभरात बाविसांना कळलं असतं. पोरंसोरं हुशार निघाली. फसले ते चौघं जुनेच. त्यातले तिघं दुपारच्या पाळीचे होते. मामा मात्र आज, सोमवारी, आठच्या आधीच आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

गौतमीने पेढा हातात घेतला. मामा भरभरून सांगत होते. काल शिरूरच्या चर्चमध्ये राहेल साक्ष द्यायला उभी राहिली म्हणे. चार बायकांत तोंड न उघडणारी त्यांची बायको, पण माईक हातात धरून तिने सगळ्या मंडळीसमोर देवाचे उपकार मानले. दौंडहून मेव्हण्याचा फोन आला. चौदा वर्षं, दर अकरा महिन्यांनी मामांचं गेटचं कार्ड बंद व्हायचं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा नवं निघायचं. ते पंधरा दिवस घरात कोणी मोठ्याने बोलत नसे.

सांगावं तर जीभ रेटेना, न सांगावं तर तासाभरात साहेब सगळ्यांसमोर नाव वाचणार. गौतमीने मीटिंग रूमचं दार लावून घेतलं, मामांना खुर्चीवर बसवलं आणि सांगून टाकलं. सांगताना तिने दोनदा 'चाचणी' म्हटलं, एकदा 'सिक्युरिटी' म्हटलं. तिला स्वतःचीच लाज वाटली.



"म्हंजी पत्र येनार न्हाई?"

"नाही मामा. तो मेल मीच लिहिला होता."

त्यांनी बॉक्सचं झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून पुन्हा लावलं. "राहेलला कसं सांगू?" ते म्हणाले, पण ते तिला विचारत नव्हते.  बाहेर कंटेनर मागे घेत होते आणि कोणीतरी हिंदीत ओरडून दिशा सांगत होतं.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली होती आणि तीही गौतमीनेच सांगितली. फसलेल्यांचा कॉम्प्युटर आजपासून बंद. समोर बसवून प्रश्न विचारायचे, उत्तरं फॉर्मवर लिहायची. ती बरोबर आली तरच पुन्हा चालू. कॉम्प्युटर नाही तर डिस्पॅचचं काम नाही, आणि काम नाही तर कंत्राटदार दुसरा माणूस पाठवणार. हे मामांना समजावून सांगावं लागलं नाही. ते खुर्चीत सरळ झाले, शर्टाचं वरचं बटण लावलं.

"इचारा," ते म्हणाले.

मघाशी 'घे पोरी' म्हणणारा माणूस आता तिला अहो-जाहो करत होता. गौतमीने मान खाली घालून फॉर्म वाचला. सदर मेल खोटा आहे, हे आपल्याला कशावरून ओळखता आलं असतं? उत्तर सोपं होतं. मेल कंपनीच्या पत्त्यावरून आलाच नव्हता. मामांनी तेवढं म्हणावं, म्हणून तिने प्रश्न दोनदा वाचला, दुसऱ्यांदा 'कशावरून'वर जोर देऊन.

मामांनी डोळे मिटले. परीक्षेला बसलेल्या माणसासारखे ते मनापासून आठवत होते.

"तेच्यात शेवटाला माजं आभार मानलं व्हतं," ते म्हणाले. "चौदा वर्सांत कंपनीनं कवा मानलं न्हाईत. तितंच वळखाया पायजे व्हतं."

गौतमीचं पेन फॉर्मवर टेकलं, पण पुढे सरकेना.

मामांनी हळूच विचारलं, "बरोबर हाय का, मॅडम?"